शेवटचं पाणी पाणकराचं

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना जंगल जरा मागे सरतं आणि एका तलावाची पाळ दिसते. त्या पाळीखालच्या गावात डोमा पाणकर राहायचा. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, खाचरांना, वाटून देणारा माणूस. पाय चिखलात आणि तोंड उपदेशात, असा त्याचा जन्म चालला होता. मोठी माणसं ऐकेनाशी झाली तेव्हा त्याने लहान पोरांना धरलं. पोरं त्याला पाहून चिंचेवर चढू लागली, तेव्हा त्याने जन्माला न आलेल्यांकडे मोर्चा वळवला. त्यांना पळता येत नाही ना!

त्या साली सून वच्छलाला दिवस गेले होते. आता सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायची रीत नाही. मग डोमा रोज सकाळी गोठ्यापुढे उभा राहायचा, सुनेकडे पाठ करायचा आणि बैलाच्या तोंडाकडे बघत तिच्या पोटातल्या नातवंडाला शिकवायचा. आवाज असा, की अख्खी आळी हातातली कामं टाकून ओट्यावर येऊन बसे.

"ऐकून राह्यला ना बाबू? पानी शेपटाकडून पाजायचं. ज्याची बांधी तलावापासून दूर, त्याले पयले. पाळीखालच्यानं दम धरायचा. त्यानं पयले पेलं, तं खालच्याच्या वाट्याले निसता चिखल येते."

"डोमाभाऊ," कुंपणापलीकडून लटारू ओरडे, "बैल मान हालवून राह्यला! त्याले समजलं वाट्टे!"

लटारूला चिडवायला काय जात होतं? त्याची बांधी सगळ्यात शेवटी, म्हणजे पाणी सगळ्यात आधी त्याला. डोमाची बांधी मात्र थेट पाळीखाली.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. धान पोटरीत आलेलं, बांध्यांना भेगा आणि तलाव अर्धाच. आधी मालगुजाराचा, म्हणजे गावाच्या जमीनदाराचा, धाक असे. पण मालगुजारी नुकतीच गेली होती, आणि तलावाचा नवा धनी कोण, हे गावात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. म्हणजे पाण्याची रीत आता डोमाच्या जिभेवरच उभी होती. त्याने स्वतःच मोडली असती, तर दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या बाजूला पाट फोडायला मोकळा.

"साऱ्या दुनियेच्या लेकरायले अक्कल शिकवता," बायको शकुबाई चुलीपुढून कडाडली, "आपलं लेकरू काय खाईन? तुमचे शब्द शिजवू काय गंजात?"

डोमा उठला आणि बैलापुढे तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकायला गोठ्यात गेला.

सकाळी त्याने तुडूम, म्हणजे तलावाची मोरी, उघडली. गाव पाळीवर जमलं होतं. म्हणायला पाणी बघायला, खरं म्हणजे डोमाला बघायला. पाट डोमाच्या बांधीला घासूनच खाली जातो. मधे चिखलाचं एक ढेकूळ, बस्स. मुलगा बुधू फावडा घेऊन तिथंच उभा.

"बा, एकच ढेकूळ काढतो. कोनाले समजते?"

"ठेव तो फावडा."

बुधूने फावडा आपटला आणि बांधावर तोंड फिरवून बसला. पाणी खळखळत लटारूकडे निघून गेलं. तमाशा काही होत नाही म्हणून लोकही पांगले.

मग डोमाने आपलं धान बघितलं. पाती पिवळी पडत होती. पोटरीतली लोंबी त्याने बोटांनी चाचपली. आत सगळं मऊ, पाण्यासाठी अडलेलं. तो पाटाशी उकिडवा बसला. हात हळूच ढेकळावर गेला.

तेवढ्यात वच्छला आंबिलीचं मडकं घेऊन आली. सासऱ्याचा हात कुठे आहे, ते तिने बघितलं. पदर पुढे ओढला, डोमाने हात मागे घेताच मडकं नेमकं त्या ढेकळावर टेकवलं आणि शेजारी बसकण मारली. बोलली ती नवऱ्याकडे, बुधूकडे, बघून.

"अवो, मामाजीले सांगा, हात धुवा अन् आंबील घ्या. आज सकाळपासून लेकरू लाथा मारून राह्यलं. रोजच्यासारखं सांगनं झालं नाई ना."

डोमाने वाहत्या पाण्यात हात धुतले. बैल नव्हता, म्हणून पाळीकडे तोंड केलं. "ऐक बाबू..." त्याने सुरुवात केली, आणि आवाज लटारूच्या बांधीपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी लटारू मान खाली घालून आला. "डोमाभाऊ, माही अर्धी बांधी पेली. घ्या आता वर पानी."

"पुरी पाज! अर्धी पाजून मले उपकाराखाली दाबतं काय बे?"

पाण्याचा नंबर एकेक बांधी चढत वर आला. डोमाच्या बांधीत पोचेपर्यंत अर्ध्या धानात दाणा भरायचा राहून गेला होता.

कापणीनंतर विहिरीवर खालच्या बांधीवाल्या इंदुताईने हळूच काडी टाकली, "शकुबाई, तुमच्या बांधीत तं तनीसच झालं मनते."

"झालं ना," शकुबाई म्हणाली. "अन् तुह्या घरी धान झालं. ते कोनाच्यानं झालं, ते आपल्या नातवायले सांगजो. नाव डोमा पाणकर. माहा नवरा आहे थो."

एवढं बोलून तिने पाण्याने भरलेला पितळी गुंड डोक्यावर ठेवला आणि जवळची बोळ सोडून, अख्ख्या आळीतून फिरून, लांबच्या वाटेने ती घरी गेली.