शाफ्टवर ठेवलेले लिंबू

देवाला वाहिलेले काहीच वाया जात नाही, असे आपण ऐकत आलो. मीही कीर्तनात किती वेळा तसे सांगितले, किती वेळा माना डोलल्या, किती वेळा टाळ वाजले! पण नाशिकच्या अंबडमध्ये एका भाविकाने भरल्या डोळ्यांनी वाहिलेले अर्धे लिंबू एका निरपराध माणसाचे नाव घालवून गेले. वाहणारा माणूस वाईट नव्हता, सज्जनहो. वाईट असता तर त्याच्यासाठी जीव एवढा कशाला तुटला असता?

त्याचे नाव कोंडाजी. मूळ गाव सायखेडा. गोदेच्या पाण्यात पोहायला शिकले, पण वयाची साठी आली तरी समुद्र म्हणून पाहिला नाही. आणि हात मात्र आयुष्यभर समुद्राच्याच कामात! अंबडच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षे ग्राइंडिंगचे मिस्तरी होते. आजचे जहाज एका जागी घडत नाही. त्याचे लोखंडी ठोकळे गोदीत जोडले जातात, इंजिन कुठून येते, पंखा कुठून येतो. आणि इंजिनाचे फिरणे पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारा लांबलचक पोलादी दांडा, ज्याला शाफ्ट म्हणतात, तो इथे, समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या या बाजूला घासून तयार होतो.

"मालवाहू जहाज म्हणजे बैलगाडी," कोंडाजी नव्या कामगारांना सांगत. "थोडी कुरकुरली तरी माल पोचतो. लढाऊ जहाज म्हणजे मांजर. पाऊल वाजलं की शिकार हुकली. आणि मग शिकार आपलीच."

म्हणून लढाऊ जहाजाच्या शाफ्टचा बेअरिंगवर टेकणारा भाग केसाच्या पाचव्या हिश्श्याइतकाही चुकता कामा नये. कोंडाजींचा चुकत नसे. आरशासारखा शाफ्ट उतरला की पुढचे काम झिपरूचे. झिपरू पेठकडच्या डोंगरातला, ठेकेदाराकडचा माणूस. गंज चढू नये म्हणून तयार मालाला तेल लावायचे आणि मेणकागदात गुंडाळायचे, एवढेच त्याचे काम; पण ते तो बाळाला न्हाऊमाखू घालावे तसे करी. एकदा तेल लावून झाले की पुन्हा एकदा लावी.

"झिपऱ्या, लोणचं घालतोस का शाफ्टचं?" कोंडाजी चेष्टा करीत.

"मिस्तरीदादा, लोणचं नासलं तर जेवण जातं. ह्ये नासलं तर जहाज जाईल," तो म्हणे.

सहा वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नौदलाचा एक शाफ्ट पूर्ण झाला. कोंडाजींच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांच्या हातचा हा शेवटचा मोठा शाफ्ट. दुसऱ्या दिवशी यंत्रे धुतली गेली, झेंडूचे हार चढले, हत्यारांना हळदकुंकू लागले. कारखान्याचा नियम स्पष्ट होता: पूजा यंत्रांची आणि हत्यारांची, तयार मालाला हात नाही. पण कोंडाजींचा जीव राहिना. ज्या यंत्राने घासले त्याला हार, आणि जो उद्या अथांग पाण्यात देशासाठी फिरणार तो कागदात तोंड लपवून अंधाऱ्या कोपऱ्यात? आरती संपल्यावर ते एकटे आत गेले. वीतभर मेणकागद सोडला. गंध नीट लागावे म्हणून तेल पुसले. कुंकवाचे बोट ओढले, लिंबू कापून अर्धे त्यावर पालथे ठेवले, डोके टेकले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा, कारखाना बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी सर्वांआधी जाऊन त्यांनी लिंबू उचलले. खाली रुपयाएवढा काळपट गोल. आंबटाने पोलाद खाल्ले होते. कोंडाजींनी पुसले, तेल लावून पुसले, बोट फिरवले. नजरेने फसावे, पण एकतीस वर्षांचे बोट फसेना. खड्डा होता. तो घासून काढावा तर शाफ्ट बारीक होणार. त्यांनी कागद होता तसा गुंडाळला आणि आपल्या यंत्रापाशी येऊन उभे राहिले.

दुपारी नौदलाचे तपासनीस आले. कागद उघडला. डाग सापडला. शाफ्ट नापास. सुपरवायझर म्हणाले, तेल लावायचे राहिले असणार, ओल धरली असणार.

"लावलं व्हतं साहेब, दोनदा लावलं व्हतं," झिपरू म्हणाला. मग वळून म्हणाला, "मिस्तरीदादा, तुम्ही पाह्यलं व्हतं ना?"

तो क्षण! हरिश्चंद्राला राज्य द्यावे लागले, कोंडाजींना फक्त एक वाक्य द्यायचे होते. आठ महिने, निरोपसमारंभ, एकतीस वर्षांचे नाव, सारे डोळ्यांपुढून गेले. ते म्हणाले, "घाईत राहतं कधीकधी."

संध्याकाळी झिपरू डबा उचलून फाटकाबाहेर गेला. पुन्हा आला नाही. ठेकेदाराने त्याला दुसऱ्या कुठल्या कारखान्यातही लावले नाही.

जहाजाला दुसराच शाफ्ट बसला. यंदा आषाढात ते नौदलात दाखल झाले, आणि कारखान्याने जुन्या कामगारांना त्याचा चौकटीतला फोटो पाठवला. कोंडाजींनी तो भिंतीवर लावण्यासाठी खिळा ठोकला, आणि खिळ्याकडे पाहत बसून राहिले. चौथ्या दिवशी फोटो पिशवीत घालून ते पेठच्या एसटीत बसले.

झिपरू भाताच्या खाचराच्या बांधावर होता. ओळखून धावत आला, मिस्तरीदादा म्हणून पाया पडला. त्याच्या बायकोने, भागीबाईने, कोरा चहा केला आणि हसत गाऱ्हाणे मांडले, "तुमच्या कारखान्यानं ह्यांना काय केलं वो? कडी लावत्यात, चार पावलं जात्यात, माघारी येऊन बघत्यात लागली का. कडी दमली, पर ह्ये नाय दमले."

झिपरू ओशाळला. "नाय दादा, आता भरवसाच नाय राहिला हाताचा. दोनदा लावलं असं वाटत व्हतं. पर तुम्ही म्हणलात राहतं घाईत. तुम्ही खोटं कशाला बोलाल? म्हंजे राह्यलंच असंल."

सज्जनहो, शिवी परवडते. हा विश्वास कसा पेलावा? कोंडाजींनी चहा खाली ठेवला आणि सगळे सांगितले. कागद, कुंकू, लिंबू, खड्डा, मौन.

झिपरूने आपला तळहात उघडून पाहिला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे मी लावलं व्हतं."

"लावलं होतंस."

"दोनदा."

"दोनदा, झिपरू."

भागीबाई आत निघून गेली. कोंडाजींनी हात जोडले, पण झिपरूने ते धरले नाहीत. "माझ्यापाशी कशाला सांगता? मला तर ठाऊकच व्हतं, तुम्हीच इसरायला लावलं. जिथं माझं नाव गेलं, तिथं जाऊन सांगा. मी नाय येणार."

यंदाच्या खंडेनवमीला कोंडाजी कारखान्यात गेले. पूजा झाली होती. मागच्या मोकळ्या जागेत तरुण कामगार एका गंजलेल्या जाड दांड्यावर ओळीने बसून प्रसाद खात होते. कोंडाजींनी पाहताक्षणी ओळखले, तोच नापास शाफ्ट. बाकीचे तुकडे भंगारात विकले गेले, हा एवढा बसायला राहिला होता.

ते त्यांच्यापुढे उभे राहिले आणि सांगू लागले. पोरांनी अदबीने ऐकले. शेवटी एकाने विचारले, "पण काका, झिपरू कोण?"

सुपरवायझर निवृत्त, ठेकेदार बदललेला, जुने सोबती पांगलेले. ज्यांच्यापुढे नाव गेले ते कान आता तिथे नव्हतेच. फक्त पत्रावळी गोळा करणाऱ्या मालनबाई हातातला झाडू टेकून थांबल्या. "मला आठवतोय," त्या म्हणाल्या. "तेल लावताना गाणं म्हणायचा. आन् मी तवाच म्हणलं व्हतं, त्याचं तेल लावायचं राहणार नाय. पर झाडूवालीचं ऐकतंय कोण? तुमचं ऐकलं असतं, मिस्तरी."

एक पोरगा संकोचून दांड्यावरून उठला. मग दुसरा. कोंडाजी वाकले आणि ज्या बोटाने कधी दगा दिला नव्हता ते बोट दांड्यावरून फिरवू लागले, रुपयाएवढा तो खड्डा कुठे लागतो का म्हणून. लागला नाही. सहा पावसाळ्यांनी सारा दांडाच गंजला होता. त्यात तो एक डाग आता कुणालाच दाखवता येणार नव्हता.

फाटकाबाहेर येऊन त्यांनी पेठला फोन लावला.

"सांगितलं?" झिपरूने विचारले.

"सांगितलं."

"कोण कोण व्हतं आपल्या वेळचं?"

"मालनबाई."

पलीकडून पाखरे हाकलण्याचा पत्रा वाजत होता. "बाकी कुनी नाय?"

"उशीर केला रे मी," कोंडाजी म्हणाले.

"व्हय," झिपरू म्हणाला, आणि फोन ठेवला.