दहा दिवसांत उठलेली बाळंतीण

माझी मुलगी दहा दिवसांची झाली, त्या सकाळी मी दोन ठिकाणी होते. घरी टाके सांभाळत पडून होते आणि औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरत उभी होते. कारखान्यात उभी होती ती अर्थात माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण.

आमच्या कारखान्याचा रजेचा नियम मोठा उदार. मूल होऊ दे, सासू पडू दे, खुशाल घरी राहा. पगार तेवढा मिळत नाही. आणि दहा दिवसांच्या वर राहिलात, तर कार्ड बंद करून कायमची विश्रांती देतात. नवऱ्याच्या कंपनीनं तर त्याला मुलगी झाल्याच्या आनंदात अर्धा दिवस दिला होता, तोही जेवणानंतरचा.

आठव्या महिन्यात मी सुपरवायझरकडे गेले होते.

"बाई, अकराव्या दिवशी आलात की नोकरी तुमचीच. काळजी कशाला करता?"

"साहेब, ऑपरेशन करावं लागेल म्हणतात डॉक्टर."

"हल्ली सगळ्यांचं तसंच होतं," असा धीर देऊन त्यानं फोन उचलला.

वन्सं घरीच शिवणकाम करायच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीशी मशीन, पडद्यांना दुमडी घाल, पँट्स आखूड कर. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं असं विचारणाऱ्याला त्याच चार प्रश्न विचारायच्या. कामावर परतायच्या आदल्या संध्याकाळी मी गणवेशाला इस्त्री करायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. वन्संनी इस्त्री काढून घेतली.

"काय असतं गं तिथलं काम?"

"दहा पट्ट्या एका खोक्यात. माहितीचा कागद घडी करून वर. झाकण लावायचं."

"त्याला तूच कशाला हवीस?"

"अहो वन्सं, कार्डावर फोटो आहे माझा."

"आणि तोंड?"

"तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. डोळे तेवढे दिसतात."

"डोळे मलाही आहेत," वन्सं म्हणाल्या.

लाइनवरच्या बायकांनी पाव तासात ओळखलं. एकीनंही ब्र काढला नाही. सुपरवायझरनं मात्र सहा वर्षं माझं तोंड पाहून काही फरक पडला नव्हता हे सिद्ध केलं. वन्सं माझ्याहून वीतभर उंच. तो म्हणाला, "बाळंतपण मानवलेलं दिसतंय तुम्हाला." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, दहा दिवसांत उठून आल्या. आणि तुम्ही रजा रजा करता."

संध्याकाळी वन्संनी सुजलेले पाय पाण्यात सोडले आणि मला सांगितलं, "आज तुझं फार कौतुक झालं." मला हसू आलं, टाके दुखले, आणि मग रडूही आलं. खिडकीतल्या मशीनवर त्यांनी चादर टाकली होती. पुढच्या काही आठवड्यांत त्यांची गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली.

दहा आठवड्यांनी मी स्वतः कामावर गेले. दुपारपर्यंत सुपरवायझर शेजारी येऊन उभा.

"बाई, आज हात का मंदावला?"

"बाळ झोपू देत नाही, साहेब."

"एवढे दिवस बरं झोपू देत होतं?"

पुढे समोरच्या टेबलावरच्या बाईची आई आजारी पडली. तिच्या जागी वन्सं गेल्या. मग लेबलवालीच्या नवऱ्याचा अपघात झाला, तिच्याही. बायका त्यांना 'बदलीबाई' म्हणू लागल्या. वर्षभरात वन्सं तीन नावांनी राबल्या, त्यात त्यांचं स्वतःचं एकही नव्हतं.

वर्षअखेरीला आम्ही सगळ्यांनी सह्या करून अर्ज दिला, घरच्या अडीअडचणीला पगारी रजा मिळावी म्हणून. मॅनेजरनं आम्हाला आवारात उभं करून उत्तर दिलं. त्याच्या हातात हजेरीचे कागद होते. "गेल्या वर्षात या लाइनवर दहा दिवसांच्या वर कुणीही घरी राहिलेलं नाही. गरज असती, तर कागदावर दिसली असती ना?"

लेबलवालीच्या झग्यात वन्सं माझ्या शेजारीच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "घे. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला."

त्याच महिन्यात शेवटच्या टेबलावरच्या मुलीची आई अंथरुणाला खिळली. वन्सं तर लेबलवालीच्या जागी अडकलेल्या. एका वेळी दोन नावं चालवणं त्यांनाही जमेना. अकराव्या दिवशी मुलीचं कार्ड बंद झालं. पुढच्याच आठवड्यात लेबलवाली परत आली आणि वन्सं मोकळ्या झाल्या. फाटकावर पाटी लागलेलीच होती, 'अनुभवी बाई पाहिजे.' वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं अर्ज भरला आणि उघड्या तोंडानं सुपरवायझरसमोर बसल्या.

"या कामाचा अनुभव?"

खरं सांगितलं असतं, तर आमची तिघींची कार्डं गेली असती.

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"मग कठीण आहे, बाई. बाहेरून सोपं वाटतं. याला हाताला सवय असावी लागते."

वन्संनी घरी येऊन मशीनवरची चादर काढली. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून परत आली, थोडी नवीनही मिळाली. शेवटच्या टेबलावरची ती मुलगी आता त्यांच्या हाताखाली पडद्यांना दुमडी घालते. तिची आई दोन गल्ल्या पलीकडे असते. तिला भरवायची वेळ झाली की मुलगी उठून जाते, कधी तासाभरानं येते, कधी त्या दिवशी येतच नाही. वन्सं तिचे पैसे कापत नाहीत. धंद्यातलं त्यांना काही कळत नाही, दुसरं काय.