खैरनार मॅडमचं बिनछताचं सभागृह

मोहिनी खैरनार यांना कुणी विचारलं, "तुमचं कॉलेज नेमकं कुठे हो?" तर त्या जरा घुटमळायच्या. कारण खरी उत्तरं दोन होती. कॉलेज भरायचं ते एका शाळेच्या उसन्या इमारतीत, शाळेची मुलं घरी गेल्यावर, दुपारी. आणि कॉलेज बांधलं जात होतं ते गंगापूर रोडच्या पुढे, शेवंतीच्या मळ्यांना लागून, पत्र्याच्या कुंपणाआड. पहिल्या जागी पदवीच्या मुली पाचवीच्या बाकांत गुडघे अडकवून वनस्पतिशास्त्र शिकत. दुसऱ्या जागी मात्र त्यांच्यासाठी ऐसपैस प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि राहायला खोल्या होणार होत्या. होणार होत्या हे क्रियापद मॅडमच्या कपाळी इतकी वर्षं चिकटलं होतं, की घरचे त्यावरून त्यांची थट्टा करत.

मुलींच्या या सरकारी कॉलेजच्या त्या प्राचार्य. मूळच्या सटाण्याकडच्या, आता इंदिरानगरात राहणाऱ्या. आवाज खणखणीत, चाल भराभर, आणि मनात एक गोष्ट आली की ती तडीला नेईपर्यंत समोरच्याला जेवू न देणाऱ्या. असं माणूस संस्थेला लाभलं तर भाग्यच म्हणायचं, पण कधीकधी त्याची किंमतही पडते.

मूळ आराखडा अगदी साधा होता. खाली वर्ग आणि प्रयोगशाळा, वरच्या मजल्यावर मुलींचं वसतिगृह. देखणा नव्हता, पण मंजूर होता; आणि सरकारी कामात मंजुरीसारखं देखणेपण दुसरं नसतं. मॅडमनी तो टेबलावर पसरला आणि नाक मुरडलं.

"सभागृह कुठे आहे?"

सभागृह नव्हतंच. आणि मॅडमच्या डोळ्यांसमोर तर दरवर्षीचं स्नेहसंमेलन होतं. भाड्याचा मांडव, खोकणारा जनरेटर, आणि एका वर्षी ऐन नाटकात दिवे गेल्यावर अंधारात आपलं वाक्य म्हणत उभी राहिलेली एक मुलगी. तिने वाक्य पूर्ण केलं होतं. टाळ्या मात्र अंधारात कुणी वाजवल्या नाहीत. तेव्हापासून मॅडमना सभागृह हवं होतं. उतरत्या बैठकीचं, मोठ्या रंगमंचाचं, मागच्या रांगेतही शब्द ऐकू जाईल असं.

"एकदाच होतंय, तर मनासारखं होऊ दे," त्या म्हणाल्या.

हे वाक्य आपल्याकडे घर बांधणारा प्रत्येक माणूस म्हणतो. इंदिरानगरातला स्वतःचा बंगला बांधताना मॅडमनी आणि त्यांच्या यजमानांनी ते इतक्या वेळा म्हटलं, की गॅलरी दोनदा फोडून वाढवली आणि राहायला जायला वर्षभर उशीर झाला. बिघडलं काहीच नाही. भाड्याच्या घरात वर्ष आणखी काढलं, एवढंच. त्या उशिराचा त्रास ज्यांनी उशीर केला त्यांनाच झाला होता. कॉलेजच्या बाबतीतही असंच असेल, असं त्यांनी धरून चाललं, आणि चूक झाली ती इथेच.

आराखडा परत गेला. सभागृहाला मोठं छत, मोठ्या छताला जाड खांब, जाड खांबांना खोल पाया. म्हणून सगळा हिशेब नव्याने. नवं अंदाजपत्रक, त्याला नवी मंजुरी. मंजुरी येईतो लोखंड महागलं. लोखंडाची सोय लागते न लागते तो महामारी आली. ती सरली तेव्हा ठेकेदाराने या दरात परवडत नाही म्हणून हात वर केले. पुन्हा निविदा, पुन्हा नवं अंदाजपत्रक. नवा ठेकेदार कामाला लागला, तोच शहरात सिंहस्थाची कामं निघाली. रस्ते, पूल, घाट सगळीकडे एकदम सुरू झालं, आणि गवंडी, वाळू, मिक्सर सगळं तिकडे पळालं. कॉलेजच्या जागेवर काही महिने एक राखणदार आणि त्याने पाळलेली कुत्री, एवढाच काय तो कर्मचारीवर्ग उरला होता.

मॅडम हरल्या नाहीत. बांधकाम खात्याच्या कचेरीत त्या इतक्या वेळा जाऊन बसल्या, की तिथला शिपाई न विचारता त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा आणायला लागला. शाखा अभियंता ललित देवरे हा त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्याला तर त्यांचा फोन वाजला की घाम फुटायचा. पण मनातून त्याला त्या आवडायच्या. दुसऱ्या कुठल्याच कामावर कुणी इतक्या जिवाभावाने भांडत नव्हतं.

फेब्रुवारीत एकदा तोच आपणहून कॉलेजवर आला आणि खुर्चीच्या टोकाशी बसला.

"मॅडम, दोन छतं राहिलीत. सभागृहाचं आणि वसतिगृहाचं. उरलेल्या निधीत एकच होईल. दुसऱ्यासाठी परत सुधारित मंजुरी मागावी लागेल, आणि तिला किती वेळ लागतो ते तुम्हाला मी काय सांगणार?"

"मग?"

"कॉलेजने प्राधान्य कळवायचं. होळीच्या आत कळवलंत तर बरं. होळीला ही पेठ-सुरगाण्याची मजूर माणसं गावी जातील. परत आली की उन्हाळा तापेपर्यंतच आपल्या हातात आहेत, मग ती राब भाजायला जाणार. एकदा गेली की पावसाळा संपल्याशिवाय दिसायची नाहीत."

राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. पालापाचोळा पसरून ती जाळून भाजावी लागते, आणि डोंगरातली माणसं त्या वेळी कुठल्याही मजुरीसाठी शहरात थांबत नाहीत. होळी आणि राब यांच्या मधल्या फटीत जे छत पडेल, ते पडेल.

कॉलेजच्या समितीला प्रश्नच पडला नाही. सगळे सभागृहाच्या बाजूचे. सभागृहाचं उद्घाटन करता येतं. वसतिगृहाच्या न्हाणीघराची फीत कापायला कोण येणार? मॅडमचाही कौल तिकडेच होता. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. मुली आत्तापर्यंत भाड्याच्या खोल्यांत राहत होत्याच की, आणखी थोडे दिवस राहतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण सभागृह आता राहिलं तर आपण ते कधीच बघणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

प्राधान्याचं पत्र लिहिण्याआधी त्या एकदा संध्याकाळी जागेवर गेल्या. सभागृहाच्या भिंती उभ्या होत्या, वर उघडं आभाळ. रंगमंचाच्या जागी चढून त्या उभ्या राहिल्या आणि आजूबाजूला कुणी नाही असं समजून त्या अंधारातल्या मुलीचं वाक्य मोठ्याने म्हणाल्या. मागच्या भिंतीपर्यंत शब्द पोचला. त्यांना फार बरं वाटलं.

"कोनाशी बोलता बाई?"

मागच्या भिंतीला नळीने पाणी मारत नवसाबाई भोये उभी होती. सुरगाण्याकडची, जुन्या ठेकेदाराच्या वेळेपासून या कामावर येणारी. मॅडम हसल्या, जरा ओशाळल्याही. मग त्यांना आठवलं, हीच ती. तीन उन्हाळ्यांपूर्वी हिनेच आपल्याला थांबवून विचारलं होतं, पोर बारावीला आहे, इथं राहायला मिळेल ना? आणि आपण म्हटलं होतं, पुढच्या जूनला नक्की.

"तुझी मुलगी बारावीला होती ना गं? मंजुळा? काय करते आता?"

"तिचं लगीन झालं." नवसाबाईने नळी दुसऱ्या हातात घेतली. "दोन जून वाट पायली. मंग तिचा बाप बोलला, कालेज काय होत नाय. शहरात भाड्याच्या खोलीत पोरीला एकली कशी ठेवायची? चांगलं ठिकान आलं, दिली. लेकरू हाय आता तिला."

हे तिने तक्रारीने सांगितलं नाही. कुणाच्या शेतात यंदा काय पिकलं ते सांगावं, तसं सांगितलं. म्हणूनच ते ऐकवेना.

"आता धाकटी हाय, आरोही. यंदा बारावी. लय हुशार." नवसाबाईने पाण्याची धार भिंतीवरून बाजूला घेतली आणि वर पाहिलं. "हे छत पडंल ना बाई यंदा? इथंच राहतील ना पोरी?"

ती सभागृहालाच वसतिगृह समजत होती. एवढी मोठी खोली दुसऱ्या कशासाठी असणार?

मॅडम रंगमंचावरून उतरल्या आणि रस्त्याकडे चालू लागल्या. घरी जाताना रिक्षात त्या रडल्या. इतकी वर्षं उशिराची किंमत त्या देवरेकडून ऐकत आल्या होत्या. लोखंड किती वाढलं, सिमेंट किती वाढलं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मंजुळाचं नाव त्या यादीत कुणी धरलं नव्हतं. आपणही धरलं नव्हतं. मुली भाड्याच्या खोल्यांत राहताहेत असं आपण म्हणत राहिलो, पण ज्या आल्याच नाहीत त्या आपल्याला दिसणार कुठून? आणि हे सगळं एका चांगल्या हेतूने झालं, याचं त्यांना त्या दिवशी जास्तच वाईट वाटलं. वाईट हेतूने झालं असतं तर निदान कुणावर तरी रागावता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवून टाकलं: प्राधान्य वसतिगृहाला, सभागृहाचं काम आहे तिथे थांबवावं. समितीत गदारोळ झाला. ज्यांच्या हट्टापायी सभागृह आलं त्यांनीच ते उघडं टाकावं, म्हणजे कमालच की! "मॅडम, शोभा होईल हो," एकजण म्हणाला.

"झाली तर माझी होईल," मॅडम म्हणाल्या. "चूकही माझीच होती."

मग त्या देवरेच्या मागे हात धुऊन लागल्या. फरशी साधी घ्या, पण संडास पुरेसे हवेत. रंग नंतर देऊ, खिडक्यांना जाळ्या आधी. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, जरा हे बदललं तर छान दिसेल; आणि मॅडम म्हणायच्या, "नाही, आहे तेच करा." हे वाक्य त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच म्हणावं लागत होतं. होळी करून माणसं परत आली. एका दिवशी पहाटेपासून मिक्सर घरघरला, घमेली हातोहात वर गेली आणि दिवस मावळताना छत पूर्ण झालं. रिवाजाप्रमाणे नारळ फुटला, सगळ्यांना जिलेबी मिळाली. पाठोपाठ गिलावा झाला, आणि उन्हं तापली तशी नवसाबाईची टोळी राब भाजायला निघून गेली.

जूनमध्ये वसतिगृह उघडलं. जिन्याला कठडा होता, पण रंग नव्हता. भिंतींना सिमेंटचा वास होता. खाली सभागृहात पावसाचं तळं साचलं होतं आणि त्यात बेडकांनी आपलं संमेलन भरवलं होतं. येणारी जाणारी माणसं त्याला खैरनार मॅडमचं तळं म्हणू लागली. मॅडमच्या कानावर ते आलं. लागलंच त्यांना, पण त्या हसून मोकळ्या झाल्या.

आरोहीला सोडायला नवसाबाई आली नाही, शेतात भाताच्या पेरणीची घाई होती. मंजुळा आली होती. कडेवर लेकरू, डोक्यावर बहिणीची पेटी. मॅडम स्वतः दोघींना वर घेऊन गेल्या. मंजुळाने खोल्या बघितल्या, खिडकी उघडून बंद केली, नळ सोडून पाहिला. मग आरोही खाली पावती आणायला गेल्यावर तिने हळूच विचारलं,

"मॅडम, तव्हाच झालं असतं, तर माझी जागा कोनची असती?"

या इमारतीबद्दल विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला मॅडमकडे उत्तर असायचं. आता मात्र त्यांनी खोलीतल्या पलंगांवरून एकदा नजर फिरवली. माफी मागावी असं त्यांच्या मनात आलं. पण मुलीने विचारली होती ती जागा, माफी नव्हे.

"ती," त्या म्हणाल्या. "खिडकीजवळची."

मंजुळा त्या पलंगावर जाऊन बसली. लेकराला शेजारी ठेवलं, गादीवरून हात फिरवला, बाहेर शेवंतीच्या मळ्यांकडे बघितलं.

"वारा चांगला येतो हिथं," ती म्हणाली.

मग तिने लेकराला उचललं, चुरगळलेली चादर दोन्ही हातांनी सारखी केली, आणि जिन्यात पावलं वाजली तशी बहिणीला हाक मारली.

"आरू, हिकडं ये. तुझी पेटी हिथं ठेव."