फरशीवरची गाडी

काल नातवाची पाटी पुसताना खडूचा वास आला आणि नगरच्या वाहन-कचेरीतली ती दुपार आठवली. बहात्तर साल असावं.

माझे वडील, अण्णा, नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचे लोहार. मोटरसायकलचं जुनं इंजिन बसवून त्यांनी तीन चाकांचा छोटा मालट्रक बनवला होता. भाजीवाल्यांना भाड्याच्या मोठ्या ट्रकपेक्षा तो परवडला असता. फक्त परवाना हवा होता.

"ड्रॉइंग कुठंय?" कचेरीतल्या साहेबांनी विचारलं.

अण्णांनी बंडीच्या खिशातून खडू काढला, उकिडवे बसले आणि अख्खी गाडी खऱ्या मापात फरशीवर आखली. दुकानातही ते असंच आखत. कागद त्यांना कधी लागलाच नव्हता.

कारकून हसला. "मिस्त्री, आता ही फरशी फायलीला लावू का?"

"आमचं पोरगं कॉलेजात हाय की, साहेब," अण्णा म्हणाले. "त्यो काढंल कागदावर. व्हय ना रे?"

ड्रॉइंग हा माझा विषयच होता. पण सगळे हसत होते आणि मला अण्णांची लाज वाटली.

"माझी परीक्षा आहे," मी म्हणालो. परीक्षा खरंच होती, पण महिन्यावर.

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं फरशी पुसली.

सुट्टीत मी टेप आणि ड्रॉइंगचे कागद घेऊन घरी गेलो. मापं घ्यायला गाडी उरलीच नव्हती. दुष्काळी कामावरच्या माणसांसाठी अण्णा तिच्या पत्र्याची घमेली ठोकत बसले होते. मला पाहून हातोडा थांबवला आणि मायेनं विचारलं,

"कशी गेली रं परीक्षा?"