फोटोची उजवी कड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या दहावीच्या वर्गाची स्मरणिका मी यंदा जुळवली, मोबाइलवर वाचायची. वर्गाचा फोटो पानात मावेना, म्हणून मी त्याची उजवी कड कापली. तिथे सुधाकर उभा होता, हे मला कापताना दिसलं होतं. शाळा सुटल्यावर काही वर्षांनी त्याची दृष्टी गेली. आता तो मोबाइलकडून वाचून घेतो. त्याच्यासाठी प्रत्येक चित्राचं वर्णन लिहायचं होतं. मी लिहून टाकलं, ‘मागच्या रांगेत उजवीकडे शेवटी सुधाकर, हसतोय.’

काल त्याच्या घरी मोबाइलने ते वाक्य वाचलं. सुधाकरने बोट काचेच्या उजव्या कडेवर नेलं आणि वाक्य पुन्हा ऐकलं.

“हसत होतो होय रे मी? त्या दिवशी तर मास्तरांनी झोडपलं होतं.”

“हसतोयस की,” मी म्हणालो.

डोळस माणूस असलं वर्णन वाचायला जात नाही. ज्याच्यासाठी ते लिहायचं, त्याला ते पडताळता येत नाही. मध्ये फक्त लिहिणारा असतो.

सुधाकरचं बोट अजून तिथेच होतं.

मूळ फोटो माझ्या कपाटात आहे. त्यात तो हसतोय का, हे मी अजून पाहिलेलं नाही. ते पाहून त्याला खरं काय ते सांगणं माझ्याकडे बाकी आहे.