राखणीचा कोंबडा

बा उन्हाळ्यात गेला. भाताची रोपं लावणीला आली तोवर कोळवणच्या खोऱ्यातल्या आमच्या गावानं त्याच्या मरणाचं कारण ठरवून टाकलं होतं: ख्रिस्ती झाला म्हणून मेला. छातीचा आजार, दवाखान्यातले महिने, यातलं कुणाला काही आठवत नव्हतं.

आणीबाणी उठून गेली होती ते दिवस. मी नुकतीच बी.ए. झाले होते. घराण्यात पहिली, आणि गावातल्या पोरींत तर पहिलीच. हे मी अजूनही छाती काढून सांगते.

आमच्याकडे लावणीआधी शिवेवरच्या देवाला घरटी एक कोंबडा कापून देतात. त्याला राखण म्हणतात. बाप्तिस्मा घेतल्यापासून बानं राखण बंद केली होती. गाव कुरकुरायचं, पण बा लावणीला सगळ्यांच्या आधी चिखलात उतरायचा, म्हणून निभावून जात होतं. आता तो नव्हता.

गावकीतला एक म्हातारा दारात येऊन बसला. नात्यानं आईचा चुलत सासरा. आईनं पदर डोक्यावर घेतला.

"सूनबाई, औंदा राखण दे. तांबडा कोंबडा हाय की तुझा."

"न्हाई मामंजी."

"मग सावडीला कोण येनार न्हाई. गावानं ठरावलंय."

सावड म्हणजे आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. एकट्यादुकट्यानं भात लागत नाही, रोप हातात म्हातारं होतं. सावड बंद म्हणजे वर्षाचा तांदूळ बंद.

"मामंजी, चा घ्या," आई म्हणाली.

म्हातारा चहा पिऊन गेला. मी मात्र पेटले. तहसीलदाराकडे जाते म्हटलं, पुण्यात पाद्रीसाहेबांना सांगते म्हटलं. खरं सांगायचं तर माझा राग गावावर होता तेवढाच देवावरही होता. बा गेल्यापासून मी प्रार्थनेला नुसती बसत होते. डोळे मिटायचे आणि आत भांडण चालू.

आई म्हणाली, "आदी सावड फेडू."

"कुणाची?"

"गेल्या साली तुजा बा खाटंवर व्हता. समदी आपल्याकडं येऊन लावणी करून गेली. आपुन कुटं गेलो परत?"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. ज्यांनी वाळीत टाकलं त्यांच्या शेतात राबायचं? "आये, ते हाकलतील आपल्याला."

"सावड फेडाया आलेल्याला हाकलत न्हाईत. तसं कदी झालंय का?"

झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पावसाची इरली घेऊन म्हाताऱ्याच्याच खाचरात उतरलो. ओळीत वाकलेल्या बायका सरळ उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याची सून बांधावरून ओरडली, "कुणी बोलावलं गं तुमाला?"

"मागल्या सालानं," आई म्हणाली, आणि रोपाची जुडी उचलली.

एकीनं टोमणा मारला, "कालेजातली बाय चिखलात! येतंय का तुला?"

"येतंय. तुझी ओळ वाकडी चाललीय तेवढी बघ," मी म्हटलं. दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

घरामागून घर आम्ही फेडत गेलो. कुणी आम्हाला भाकरी दिली नाही, कुणी हाकललंही नाही. इकडे आमची रोपं पिवळी पडायला लागली. शेवटचं घर फेडून येताना मी म्हटलं, "झालं. आता कुणाचं आपल्याकडे काही राहिलं नाही, तर कशाला येईल कुणी?"

आई ओढ्यात पाय धूत होती. "म्हणूनच. ज्याचं अंगावर हाय त्याला न्हाई म्हनताना मान खाली घालावी लागती. आता मी मान वर करून न्हाई म्हनते. तुज्या बाला हेच पायजे व्हतं."

मग आम्ही आमच्या खाचरात उतरलो. बैल आमचेच होते, चिखलणी मी केली. बाई औत धरते म्हणून बांधावर माणसं उभी राहिली. राहू देत. आई लावायला लागली आणि बा म्हणायचा ते उपासनेतलं भजन तिनं काढलं. बाचा सूर कधी लागला नाही. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लोक वळून बघायचे. आई ते बासारखंच, चुकीच्या सुरात म्हणत होती. मला हसू आलं. हसता हसता मीही त्याच सुरात धरलं. पाठ मोडत होती, हात गारठले होते, गावभर ऐकू जात होतं. आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या आतलं भांडण थांबलं. देवानं मला काही समजावून सांगितलं नाही. बा का गेला हे मला आजही माहीत नाही. पण त्या चिखलात देव आमच्याबरोबर होता, आणि तेवढं मला पुरलं. कोण येतंय का म्हणून मी बांधाकडे बघायचीही थांबले.

कुणी आलं नाही. वरची खाचरं लागली, खालचं मोठं तसंच राहिलं. म्हातारी झालेली रोपं बैलांना घातली. तांदूळ अर्धाच झाला. उरलेलं वर्ष नाचणीवर काढलं, आणि पोटभर काढलं.

तांबडा कोंबडा अंगणात होताच. पहाटे असा आरवायचा की अख्खी आळी जागी व्हायची. एकदा पाणवठ्यावर म्हाताऱ्याच्या सुनेनं आईला सगळ्यांदेखत छेडलं, "तुमचा कोंबडा लई वरडतोय बाई."

आईनं हंडा डोक्यावर घेतला.

"जित्ता हाय," ती म्हणाली, "वरडनारच."