रंगाला पाणी
लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराला दुष्काळ होता. मी रेणापूरकडं शाळेत शिपाई होतो. मास्तरीणबाईंनी पोरांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं, मग त्यांनाच चित्र काढून खाली लिहायला सांगितलं. रंगासाठी पाणी मागितलं, तर मी न्हाई म्हणालो. प्यायलाच पुरत नव्हतं. माझ्या बायकोनं घरून तांब्याभर आणून दिलं. मी तिला पोरांसमोर लई बोललो.

एका पोरीनं त्या बोलण्याचंच चित्र काढलं. बायकोला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "ह्यो तोंड वासलेला तुम्हीच की! खाली काय लिवलंय?"

"मावशीनं पाणी दिलं," मी वाचलं. पुढं 'मामा उगंच ओरडले' होतं, ते गिळलं.

चुकलो म्हणायचं राहिलं ते राहिलंच. औंदा बायको गेली.